नवसाची बाटली

मी आयुष्यात एकदाच दारू प्याले. तीही भर दुपारी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत, अकोल्याला माझ्या भावाच्या घरी, देवघराला लागून असलेल्या खोलीत. अमरावतीला परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्याने वर्तमानपत्र खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर केलं. त्याला वाटलं, मी गंमत करते आहे. साठी उलटलेली, मुलींच्या शाळेत उभी हयात विज्ञान शिकवलेली बाई स्कॉच पिऊन आली हे पचायला जडच. मीही मग त्याला पटवत बसले नाही. ज्याच्यासाठी प्याले त्याला कळलं होतं, तेवढं पुरे होतं.

तो माझा थोरला भाऊ. दादा. कृषी विद्यापीठात ज्वारीच्या वाणांवर काम करण्यात त्याची सगळी नोकरी गेली. कणीस हातात आलं की दोन दाणे दाताखाली फोडायचा आणि मगच बोलायचा. खाण्यापिण्याचा अतोनात शौकीन. शनिवारी संध्याकाळी दोन मित्र यायचे, गच्चीवर सतरंजी पडायची, भाजलेल्या शेंगदाण्यांवर कांदा-लिंबू व्हायचं आणि तिघं मिळून दोन-दोन पेग प्यायचे. प्यायचे साधंच, बाजारात मिळेल ते. पण दादा वाचायचा मोठमोठ्या स्कॉचबद्दल. कोणत्या बेटावर कोणतं पाणी, कोणत्या पिंपात किती वर्षं, सगळं तोंडपाठ. त्याचे मित्र म्हणायचे, हा अर्धी पितो आणि अर्धी वाचतो. वहिनीचा या गच्चीवर कायमचा बहिष्कार होता. ती शेंगदाणे भाजून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायची आणि तिथूनच वळायची.

तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र तो कॉलेजात असल्यापासून खायचा. त्यावरून मी त्याच्याशी जितकं भांडले तितकं नवऱ्याशीही भांडले नाही. आजही पानठेल्यावर कुणी पन्नीत खर्रा घोटताना दिसला की तिथेच उभं राहून शिव्या हासडाव्यात असं वाटतं. एकदोनदा हासडल्याही आहेत.

आता माझ्या नाकाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या आईच्या घरी नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकातलं काही कुणी चाखायचं नाही, अशी रीत होती. महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण, सगळा रगाडा, आणि मीठ बरोबर आहे की नाही हे जिभेला विचारायचं नाही. मग आई काय करायची, तर झाकण जरासं सरकवायची, हाताने वाफ नाकाशी ओढायची आणि म्हणायची, मीठ कमी आहे. किंवा, हळद कच्ची राहिली. कधी चुकली नाही. तिच्या शेजारी उभी राहून राहून ते माझ्याही नाकात उतरलं. ही काही विद्या नव्हे, सवय आहे. रोज केलं की कुणालाही येतं. पण दादाला त्याचं फार कौतुक. लहानपणी तो माझे डोळे ओढणीने बांधायचा आणि नाकाखाली ओवा, पेन्सिलीचा भुसा, बाबांच्या कोटाची बाही असं काहीबाही धरायचा. मी बरोबर सांगितलं की त्यालाच बक्षीस मिळाल्यासारखा उड्या मारायचा.

तो पहिल्यांदा पिऊन घरी आला तेव्हा मूठभर बडीशेप चावून आला होता. मला दारातच कळलं. आईलाही कळलं असणारच. तिने एका शब्दाने विचारलं नाही. जेवताना त्याच्या ताटात लिंबाच्या दोन फोडी वाढल्या आणि बाबांना त्या दिवशी त्याच्यापासून लांब, दुसऱ्या ओळीत बसवलं.

तर ती बाटली. दादाचा एक विद्यार्थी शिकायला स्कॉटलंडला गेला होता. दादा निवृत्त झाला त्या साली तो आला आणि गुरुदक्षिणा म्हणून ही सिंगल माल्ट स्कॉच ठेवून गेला. दादाने मला मुद्दाम फोन करून बोलावलं, जणू घरात बाळ झालं होतं. पुठ्ठ्याच्या गोल डब्यातून बाटली काढून उजेडात धरली. आतला रंग चहाच्या कोऱ्या काढ्याचा. मग तासभर व्याख्यान. तिकडे दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवतात, तिच्या धुरावर जव सुकवतात, म्हणून हिला धुराचा वास येतो. मी म्हटलं, म्हणजे गोवऱ्याच की. तो म्हणाला, अगदी गोवऱ्या. आणि मग ही दारू ज्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात त्या पिंपात आधी स्पेनची गोड वाइन, शेरी, भरलेली असते, ती काढून घेतली की त्याच लाकडात ही ओततात. मी म्हटलं, म्हणजे उष्ट्या पिंपातली. तो इतका हसला की वहिनी स्वयंपाकघरातून पाहायला आली.

त्या दिवशी उघडली नाही. घाई कशाला, म्हणाला. असली चीज मन स्वस्थ असताना उघडायची.

पावसाळा संपता संपता त्याचा आवाज बसला. आम्ही काढे पाजले, हळद-दूध पाजलं, मफलर गुंडाळला. दिवाळीनंतर नागपूरला दाखवलं. घशाचा कॅन्सर निघाला. मग शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. एवढा धिप्पाड माणूस, पण शेकाने त्याच्या गळ्याची कातडी जळक्या भाकरीसारखी झाली. तोंडातली लाळ सुकली आणि लाळेबरोबर चव गेली. आधी गोड गेलं, मग खारट, मग सगळंच. नाकात एकच वास भरून राहायचा, तार जळाल्याचा. गुलाबाचं फूल धरा, कापूर धरा, वास तारेचा. पुढे गिळणंही बंद झालं आणि पोटात नळी बसवली. वहिनी मिक्सरमधून काढलेलं वरणाचं पाणी, दूध, पावडरी वेळच्या वेळी नळीतून घालायची. सुरुवातीला दादा विचारायचा, आज काय केलं? वहिनी सांगायची, मेथी आहे, मुगाची डाळ घातली. तो डोळे मिटून ऐकायचा. मग त्याने विचारणं सोडलं. वहिनी मागच्या ओट्यावर बसून एकटी जेवायला लागली, त्याला ताट दिसू नये म्हणून.

आजारात त्याची पुस्तकी भाषा सगळ्यात आधी गेली. सभांमधून, वर्गांमधून तो शुद्ध बोलायचा. आता उरलेल्या कुजबुजीत फक्त आमच्या घरची वऱ्हाडी शिल्लक राहिली. मला ती ऐकून बरंही वाटायचं आणि नकोसंही व्हायचं.

याच दिवसांत वहिनीने तो नवस केला. अमरावतीला माझ्याकडे आली असताना ती अंबादेवीला गेली, तिथून लाल धागा आणला आणि अकोल्याला जाऊन त्या बाटलीच्या गळ्यात बांधला. हे बरे झाले की स्वतःच्या हाताने ही बाटली उघडतील आणि मी स्वतः गच्चीवर शेंगदाणे घेऊन जाईन, जिन्यावर ठेवणार नाही. असा नवस. मग बाटलीच्या डब्याला कुंकवाचं बोट लावलं आणि देव्हाऱ्याखालच्या कपाटात, कापूर आणि वातींच्या डब्याशेजारी, नीट ठेवून दिली. मला सांगितलं तेव्हा मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अंबामाईला स्कॉचचा नवस. सबंध वऱ्हाडात असा नवस दुसऱ्या कोणा बाईने केला नसेल. दादाही हसला, आवाज न येता, नुसते खांदे हलले.

पण वहिनीची थट्टा नव्हती. रोज दिवा लावताना ती कपाटाची दारं उघडून बाटलीलाही उदबत्ती ओवाळायची. मी पाहिलं आहे. तीस वर्षं जिने दारूच्या ग्लासाला हात लावला नव्हता, ती.

शेक झाला, औषधं झाली, मध्ये काही महिने बरे गेले. मग गाठ पुन्हा आली. नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. भला माणूस होता, डोळ्याला डोळा देऊन बोलला. आता इथे आणायची दगदग करू नका, घरीच राहू द्या, त्यांना आवडेल ते करू द्या. मला कळलं. वहिनीलाही कळलं असलं पाहिजे, ती काही भोळी नाही. पण परतीच्या वाटेवर गाडीत बडनेरा मागे पडल्यावर ती म्हणाली, डॉक्टर आता बोलावत नाहीत म्हणजे उतार पडला.  दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती आणि तो ती पाहत होता.

त्यानंतर मी दर आठवड्याला जायला लागले. सकाळची गाडी, मूर्तिजापूरला चहा, अकोल्याला ऑटो. घरात गेलं की तेच. भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणायचा, सर, चेहरा उजळला बरं का. कुणी म्हणायचं, उन्हाळ्यात सगळे मिळून चिखलदऱ्याला जाऊ. आणि वहिनी प्रत्येकाला सांगायची, बरे झाले की बाटली उघडायची आहे, नवस आहे. लोक हसायचे. दादा हसणाऱ्याकडे पाहायचा आणि मग भिंतीकडे. मला एकेकाच्या हाताला धरून बाहेर काढावंसं वाटायचं. वहिनीलाही काही बोलावंसं वाटायचं. पण काय बोलायचं? तिच्या हातात तेवढा एक धागा होता.

संक्रांत होऊन गेली होती. गल्लीतल्या एका घरी हळदीकुंकू होतं. वहिनी जायला तयार नव्हती. दादानेच तिला हट्टाने पाठवलं. नवी साडी नेसायला लावली, हिरवी, आणि कुजबुजत म्हणाला, मी पाहतो अन् मंग जाय. ती लाजली. साठीच्या घरातली बाई अशी लाजते हे बघून मी उगीच पडदे सारखे करत बसले.

फाटक लागल्याचा आवाज आला तसा दादा माझ्याकडे वळला. म्हणाला, देव्हाऱ्याखालचं कपाट उघड.

मला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. मी काही फार देवाधर्माची नाही. विज्ञान शिकवलं, नवसाबिवसावर भाषणं ठोकली. पण तो धागा वहिनीने बांधलेला होता आणि त्याला हात लावायला मला भीती वाटली. मी म्हटलं, ती येऊ दे, तिला विचारून करू. आणि तुला गिळता येत नाही, चव नाही, वास नाही, तू ती उघडून करणार काय?

"मी नाई पेत," तो म्हणाला. "तू पे. अन् मले सांग कशी लागते ते."

मी म्हटलं, मी आयुष्यात कधी प्याले नाही, मला काय कळतंय. तुझ्या मित्रांना बोलाव.

"ते रडतीन नाईतर खोटं बोलतीन. माहा तुह्या नाकावर भरोसा हाय." दम खायला तो थांबला. त्याला एक वाक्य म्हणजे एक जिना होता. "ताई, मी आता बरा होत नाई. तुले मालूम हाय, मले मालूम हाय. तिलेबी मालूम हाय. पन ते बाटली बंद हाय तोवर तिले बोलता येत नाई अन् मलेबी येत नाई. एका घरात राहून आमी दोघं दोन महिन्यापासून मुक्यासारके राहून राहिलो. मले असं नाई जाचं."

तो मला एरवी ताई म्हणत नसे. मी धाकटी. लाडाने म्हणायचा तेव्हाच म्हणायचा, लहानपणी, काही मागायचं असलं की.

मी कपाट उघडलं. डब्यावरचं कुंकू वाळून काळसर झालं होतं. बाटली काढली. धागा कापला नाही. नखाने गाठ सोडवत बसले, आणि ती सुटेना, कारण वहिनीने सात वेळा फिरवून बांधली होती.  दादा पाहत होता, घाई करत नव्हता. गाठ सुटली तेव्हा धागा मी टेबलावर औषधांच्या पट्ट्यांशेजारी ठेवला. मग वरचा कागद काढला, बूच फिरवलं. छोटासा आवाज झाला. त्या आवाजाने दादाने डोळे मिटले.

स्टीलचा पेला घेऊ लागले तर त्याने मान हलवली. काचेचा. सरबताच्या सेटमधला काढला. थोडीशी ओतली. तो म्हणाला, चार थेंब पाणी टाक, म्हणजे वास उघडतो. टाकलं. मग आई वाफ ओढायची तसा हाताने वास नाकाकडे ओढला.

धूर आला. साधा नव्हे. मी म्हटलं, दादा, शेंदूरजनाघाटला मामाच्या संत्र्याच्या बागेत आपण जायचो ना, रोडगे करायला. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरायचे आणि मामा वरून राख सारायचा. ती राख आहे ही. पेटलेली गोवरी नाही, विझत आलेली, वरून पांढरी आणि आत लाल. रोडगा फोडला की तुपाच्या आधी जो वास येतो, तो.

दादाचे डोळे मिटलेलेच होते.

मी पुन्हा वास घेतला. आता दवाखाना आला. गुडघा फुटला की बाबा टिंक्चर आयोडीन लावायचे आणि वर फुंकर घालायचे, तसला. आणि त्याच्या मागे कुठेतरी मीठ. भाजीतलं नाही, ओल्या खड्यांचं, मिठाच्या बरणीत हात घातल्यावर येतं तसं. मी म्हटलं, वासात मीठ आहे रे. तर तो मान हलवून म्हणाला, समुद्राकाठी मुरते ते. बरोबर हाय.

"आता पे," म्हणाला.

मी देवघराकडे पाठ केली आणि घोट घेतला. घशात आग लागली, ठसका आला, डोळे भरले. दादा थांबला. ठसका जिरल्यावर मी जीभ टाळूला लावून बसले आणि खरंच गोड यायला लागलं. खालून, उशिरा. दुधात भिजवलेल्या मनुका. मी तसं म्हटलं.

"कोंत्या? काळ्या का हिरव्या?"

काळ्या, मी म्हटलं. बियांच्या. आणि गुळाचा पाक जरा पुढे गेला, करपायच्या बेताला आला, की जसा लागतो तसं काहीतरी. आणि संत्र्याची साल.

"आंबियाची का मृगाची?"

मृगाची, मी म्हटलं. आंबिया बहाराच्या संत्र्याला इतका गोडवा नसतो. आणि साल ओली नाही, वाळलेली. मामाकडे चुलीशेजारी सुपात वाळत पडायची ती. मग मागे उरलं ते लाकूड. जुनी सागवानी पेटी उघडली की येतो तो वास, पण तोंडात. आणि सगळं गेल्यावर पुन्हा धूर, अगदी थोडा, कपड्याला लागून घरी येतो तेवढा.

मी बोलत होते आणि त्याच्याकडे पाहत होते. त्याच्या गळ्यावरचा कंठमणी वर गेला आणि खाली आला. तो गिळत होता. काही नव्हतं तोंडात, लाळही नव्हती, तरी तो गिळत होता. कितीतरी महिन्यांत त्या गळ्याने काही गिळलं नव्हतं. मला रडू फुटलं. मी आवाज दाबला, पण त्याला कळलं. तो म्हणाला, रड, पन अजून एक घोट घे, राख राहिली वाटते सांगाची. मी रडत रडत दुसरा घोट घेतला आणि राखेबद्दल पुन्हा सांगितलं. खोटं एक अक्षर बोलले नाही.

त्याच वेळी फाटक वाजलं. वहिनी लवकर परत आली होती. हातात वाण होतं, एक छोटी डबी, आणि पदरात तिळगुळाची पुडी. कपाळावरचं कुंकू ताजं. दारात उभी राहून तिने आधी माझ्या हातातला ग्लास पाहिला, मग बाटली, मग टेबलावरचा धागा.

मी उठून उभी राहिले. 

"मी उघडाले लावली," दादा म्हणाला. "तिच्यावर राग नोको काढू."

वहिनी आत आली. वाणाची डबी तिने खिडकीत ठेवली. धागा उचलला, बोटाभोवती गुंडाळला, उलगडला, पुन्हा गुंडाळला. ती रागावेल, रडेल, मला घालवून देईल, असं मला वाटत होतं. मी घालवून घ्यायला तयारही होते.

"म्हंजे आता नाई," ती म्हणाली.

"नाई," दादा म्हणाला.

एवढंच. दोन वर्षं सगळं घर ज्या शब्दाला वळसा घालून चालत होतं तो दोघांनी एकेकदा उच्चारला आणि छत पडलं नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. वहिनी पलंगाच्या कडेला बसली. माझ्यासमोर ती त्याच्या पलंगावर कधी बसत नसे. पदराने कपाळ पुसायला गेली आणि कुंकवाची आठवण होऊन हात मागे घेतला.  ती म्हणाली, तिकडे सगळ्या बायका विचारत होत्या, कसे आहेत, कसे आहेत, आणि मी चांगले आहेत म्हणता म्हणता उठून आले.

मग तिने माझ्याकडे हात केला. "मलेबी द्या."

मी ग्लास दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, औषध घ्यावं तसा एक मोठा घोट घेतला. खोकली नाही. तोंडही वाकडं केलं नाही. दादाने उशीवरून मान उचलली होती. इतका वेळ मिटलेले त्याचे डोळे आता सताड उघडे होते, आणि त्या डोळ्यांत मी कित्येक महिन्यांत न पाहिलेली उत्सुकता होती. माझ्याकडून त्याला चव हवी होती. तिच्याकडून काय हवं होतं ते मला सांगता येणार नाही.

"कसं लागलं?" त्याने विचारलं.

वहिनी ग्लासाकडे बघत म्हणाली, "काईच नाई लागत मले."

"काईच?"

"तुमचं खानं बंद झालं तवापासून नाई लागत. कशाचीच चव नाई लागत. आत्ता तिथं तिळगूळ खाल्ला, मातीसारका लागला. जेवाचं म्हून जेवतो." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, दूध नासलं हे सांगावं तसं. "तुमाले सांगून काय करू म्हटलं. तुमचं तुमाले कमी होतं का."

 माझं नाक, माझं ते सतराशे साठ वास ओळखणारं नाक, दर आठवड्याला मागच्या ओट्यावर तिच्या शेजारी बसून तिच्या हातचं जेवत होतं, आणि मला काही कळलं नव्हतं. दादालाही कळलं नव्हतं. चव गेलेला तो एकटाच आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

 आमच्या घरात माणसं एकमेकांचे हात हातात घेत नाहीत, तशी पद्धत नाही. दादाने हात पुढे केला तो ग्लासाच्या बुडाला लावला, तिच्या बोटांखाली, आणि ग्लास तसाच दोघांच्या मध्ये राहिला.

"मंग मी सांगतो तुले," तो म्हणाला. "आंधी धूर येते. गोवऱ्याचा. रोडगे काढतो ना आपन, तेवाचा." त्याने श्वास घेतला. "पेटेल गोवरी नाई. विझत आलेली. वरून पांढरी अन् अंदर लाल. मंग दवाखान्याचा वास येते. मंग मीठ येते. खड्याचं."

मी सांगितलेलं तो तिला सांगत होता, माझ्याच क्रमाने, एकही गोष्ट न गाळता, मध्ये मध्ये थांबत. टिंक्चर आयोडीन सांगितलं, तर बाबांची फुंकरसुद्धा सांगितली. वहिनीने डोळे मिटले होते. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण दोन्ही हात ग्लासाला होते. मी दारापर्यंत गेले आणि पुढे जाववेना म्हणून चौकट धरून तिथेच थांबले.

"अन् गोड कवा लागते?" वहिनीने विचारलं.

"थांब," दादा म्हणाला. "येते."